येणे, बुडीत आणि वहीचा खरेपणा
(फोंडाघाट येथील ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपले फोंडाघाट ही घाटाच्या पायथ्याची पेठ. देवगडकडून येणारा रस्ता येथूनच सह्याद्री चढून दाजीपूर, राधानगरीकडे जातो. अशा पेठेत ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी कितीही ठळक लिहिली, तरी उधारीवाचून दुकान चालत नाही. चतुर्थीचा बाजार चाकरमान्याच्या भरवशावर नेला जातो. पावसाळ्यातील सामानाचे पैसे भात घरात आल्यावर वा काजू विकल्यावर मिळतात. हा विश्वास ठेवण्यात कमीपणा काहीच नाही. मात्र बुडालेला पैसा वहीत वर्षानुवर्षे जिवंत दाखविणे ही स्वतःचीच फसवणूक होय.

ही फसवणूक उघडी पडते ती बहुधा भावाभावांच्या वाटणीच्या वेळी. समजा, वहीत येणे 1,20,000 रुपये आहे. थोरल्याने दुकानातील माल घेतला आणि धाकट्याच्या पदरात ही उधारी पडली. कागदावर वाटे समान झाले. परंतु धाकट्याने काय घेतले, हे वसुलीला निघाल्यावरच त्याला कळावयाचे! म्हणून येणे वयानुसार मांडावे, असे आम्ही म्हणतो. यातील 70,000 तीन महिन्यांच्या आतील, 30,000 वर्षाच्या आतील आणि 20,000 त्याहून जुने आहेत असे धरू. आपल्या अनुभवाप्रमाणे त्यांतील अनुक्रमे शेकडा 2, 10 व 50 बुडतील असा अंदाज केला, तर 1,400, 3,000 व 10,000 मिळून 14,400 होतात. तेवढी संशयित येण्यांची तरतूद करावी. खरे येणे उरले 1,05,600. विक्रीचा नफा ज्या वर्षी धरला, त्याच वर्षी त्यातील संभाव्य तूटही धरावी, एवढेच यामागील तत्त्व आहे.

जे येणे खरोखरच बुडाले, ते बुडीत खाती नावे टाकून गिऱ्हाइकाच्या खाती जमा करावे. त्यामुळे आपला हक्क सुटत नाही. पुढे पैसे आले, तर ते त्या वर्षाचे उत्पन्न धरावे. 1961 च्या प्राप्तिकर कायद्यात 1 एप्रिल 1989 पासून झालेल्या बदलाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली टी.आर.एफ. कंपनीच्या प्रकरणात सांगितले, की येणे बुडाल्याचे सिद्ध करण्याची गरज नाही, ते वहीत बुडीत म्हणून लिहिले की पुरे. मात्र नुसत्या तरतुदीला ही सवलत नव्हती. आणि जी विक्री कधी उत्पन्नात धरलीच नाही, तिचे बुडीतही मागता येत नव्हते.

वसुलीस मुदत आहे, हेही ध्यानी असावे. 1963 च्या मुदतीच्या कायद्याने मालाच्या किमतीचा दावा 3 वर्षांच्या आत लावावा लागतो: माल दिल्यापासून, अथवा उधारीची मुदत ठरली असल्यास ती संपल्यापासून. मुदत संपण्यापूर्वी गिऱ्हाइकाने येणे मान्य असल्याचे लिहून सही दिली, तर नवी मुदत सुरू होते. तसेच केवळ आपल्या वहीतील नोंदीवरून दुसऱ्यावर देणे लादता येत नाही, हा 1872 च्या पुराव्याच्या कायद्यातील नियम 2023 च्या नव्या कायद्यातही कायम राहिला आहे. तेव्हा दरवर्षी खात्याचा उतारा देऊन त्यावर सही घेण्याचा संकोच करू नये. सही मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. उलट, बाकी किती हे दोघांनाही ठाऊक राहिले म्हणजे तंटा उद्भवत नाही.

शेवटी एक गोष्ट. न देणारा आणि देऊ न शकणारा यांत भेद करावा. 1875 साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे व वह्या जाळल्या, आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. वसुलीचा अतिरेक झाला, की येणे आणि स्नेह दोन्ही जातात. ज्याच्या घरी आजारपण आहे वा पीक बुडाले आहे, त्याला हप्ते बांधून द्यावेत. ऐपत असून टाळणाऱ्याची उधारी वेळीच बंद करावी.

येत्या लक्ष्मीपूजनास नव्या वहीची पूजा करण्यापूर्वी जुन्या वहीतील प्रत्येक बाकी घरातील कर्त्या मुलामुलींसमवेत वाचून काढावी आणि आपले खरे भांडवल किती, हे त्यांना सांगावे, एवढीच आमची सर्व कुटुंबांना विनंती आहे.