उमेद नंतर येते



पुण्यात सदाशिव पेठेत किंवा नारायण पेठेत दुपारच्या वेळी एखाद्या जुन्या इमारतीचा जिना चढून गेलात, तर खोल्यांच्या कड्यांना मेसचे डबे अडकवलेले दिसतात. बीड, लातूर, नांदेड, यवतमाळहून स्पर्धा परीक्षेसाठी आलेली मुलं इथे कॉट बेसिसवर राहतात आणि दिवसभर अभ्यासिकेत बसतात. कधीतरी एखाद्या दाराला कालचा डबा तसाच लटकत असतो आणि त्याच्या शेजारी आजचा येऊन लागतो. आत मुलगा असतो. पंखा चालू, पडदा ओढलेला, फोन पालथा. तो झोपलेला नसतो. रात्रीही त्याला नीट झोप लागलेली नसते. डबा आत घ्यायचा तर उठायला हवं, हे त्याला कळतं, पण उठणं होत नाही. संध्याकाळी घरून फोन आला की तो सांगतो, "चालू आहे अभ्यास." शेजारचे मित्र म्हणतात, "आळशी झालाय."

हा आळस नाही. आळशी माणसाला लोळण्यात सुख असतं, इथे सुख नावालाही नाही. नैराश्य हा आजार आहे. मन उदास राहतं, आवडीच्या गोष्टीतही गोडी वाटत नाही. झोप आणि भूक बिघडते, लक्ष लागत नाही, उगाचच अपराधी वाटत राहतं. हे जवळजवळ रोज, दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ चाललं, तर आजाराची शंका घ्यायला हवी. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असं दिसलं, की आपल्या देशात प्रौढांपैकी साधारण 20 जणांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याने गाठलेलं असतं. म्हणजे तुमच्या सोसायटीत, तुमच्या ऑफिसात, तुमच्या नात्यात असं कुणीतरी नक्की आहे.

या आजाराची एक खोड नीट समजून घेऊ. नैराश्यातला माणूस बरं वाटण्याची वाट पाहतो. बरं वाटलं की आंघोळ करीन, मूड आला की मित्राला फोन करीन. हे अगदी स्वाभाविक आहे, कारण एरवी आपल्याला आधी इच्छा होते आणि मग आपण काम करतो. पण या आजारात इच्छा निर्माण करणारी यंत्रणाच मंदावलेली असते. पीटर लेविन्सन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात हे चक्र मांडून दाखवलं. माणूस कमी करतो, म्हणून त्याच्या वाट्याला आनंदाचे, कौतुकाचे क्षण कमी येतात. ते कमी आले की मन आणखी खचतं आणि तो आणखी कमी करतो. हे चक्र कृतीच्या बाजूने तोडता येतं. इच्छा नसताना छोटंसं काही करायचं. उमेद नंतर येते, आणि पहिल्या दिवशी तर बहुधा येतही नाही. तरी करायचं.

छोटंसं म्हणजे किती छोटं, यावरच सगळं अवलंबून आहे. घरचे लोक प्रेमापोटी सांगतात, "उद्यापासून रोज पर्वती चढ." पर्वतीच्या शंभरावर पायऱ्या अंथरुणातून उठू न शकणाऱ्या माणसाला डोंगराएवढ्याच वाटणार. दोन दिवसांत ते सुटतं आणि "माझ्याच्यानं एवढंही होत नाही" हा नवा पुरावा मनाला मिळतो. त्यापेक्षा पडदा बाजूला सारणं, दात घासणं, कडीचा डबा आत घेऊन दोन घास खाणं. चप्पल घालून जिना उतरणं आणि कोपऱ्यावरच्या अमृततुल्य चहाच्या दुकानापर्यंत जाऊन येणं. सकाळच्या उजेडात ही फेरी झाली तर अधिक चांगलं, कारण शरीराचं झोपेचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. उठायची वेळ मात्र एकच ठेवावी, रात्री झोप झाली नाही तरीही. आणि दारू टाळावी. ती तासभर विसर पाडते, पण झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली नेते.

फेरी जमू लागली की ती वाढवता येते. या बाबतीत आपलं शहर भाग्यवान आहे. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई या साऱ्या वस्तीला लागून आहेत. तिथे रोज तेच चेहरे भेटतात, नुसतं हसून पुढे जातात. ज्याला बोलणं नको झालंय, त्याला एवढीच सोबत पेलते. 

आता मनातल्या बोलण्याविषयी. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी माणसांपर्यंत पोहोचवली. तिचा गाभा आपल्या पेठेतल्या मुलाला थेट लागू पडतो. "मी पास व्हावं अशी माझी फार इच्छा आहे" हे एक, आणि "मी पास झालोच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी" हे वेगळंच. पहिल्या वाक्यात अपयशाचं दुःख होईल, खूप होईल. दुसऱ्यात माणूसच रद्द होतो. राज्यसेवेच्या जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत असतात. बहुतेकांची निवड होणार नाही हे गणितच आहे, त्यावरून कुणाचीही किंमत ठरत नाही. असे विचार डोक्यात फिरू लागले की वहीत लिहून काढावेत. कागदावरच्या वाक्याला "हे खरं कशावरून?" असं विचारता येतं. डोक्यात घोंघावणाऱ्याला ते विचारता येत नाही.

पण मी हे ठामपणे सांगते, की सवयींनी सगळं भागत नाही. आजार मध्यम किंवा तीव्र असेल तर डॉक्टर हवेतच. कधी थायरॉइडच्या बिघाडामुळेही अशी लक्षणं दिसतात, म्हणून तपासणी करून घ्यावी. औषधांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. आठवडाभरात फरक नाही म्हणून, किंवा बरं वाटलं म्हणून, गोळ्या मनाने बंद करू नयेत.

आणि जवळच्यांनी काय करावं? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या पुण्याच्याच जोडीने 'कासव' चित्रपट केला. मानसोपचारतज्ज्ञ आणि अभिनेते डॉ. मोहन आगाशे त्याचे निर्माते. 2017 मध्ये त्याला राष्ट्रीय पुरस्कारांतलं सर्वोत्तम चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. त्यातली जानकी स्वतः नैराश्यातून सावरत असते. एका खचलेल्या तरुणाला ती घरी आणते आणि त्याला धड बोलताही येत नसताना जपते, उलटतपासणी न घेता. मला हे फार मोलाचं वाटतं. "तुला काय कमी आहे?" हा प्रश्न आपण किती सहज विचारतो! त्याऐवजी, "मी खाली चाललेय, चल, चहा घेऊ," एवढंच म्हणावं. तो नाही म्हणाला तर उद्या पुन्हा म्हणावं.

एक प्रश्न मात्र विचारायला कचरू नये. त्याच्या बोलण्यात "मी नसलेलोच बरा" असं काही आलं, तर सरळ विचारावं, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. उत्तर हो असेल, तर त्याला एकटं सोडू नये आणि लगेच मदत मिळवावी.

केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. फोन दिवसरात्र करता येतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आजारी माणसानेच फोन करायला हवा असं नाही, त्याच्या आईने, रूममेटने केला तरी चालतो. पेन जवळ असेल तर लिहून घ्या. क्रमांक आहे 14416. पुन्हा सांगते, एक, चार, चार, एक, सहा.