रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?



रिव्हॉल्व्हर घ्यावे की पिस्तूल, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात वाटतो तितका दुर्मिळ नाही. नेप्तीच्या किंवा घोडेगावच्या बाजारात कांद्याची उलाढाल करणारा आडतदार, मनमाड रस्त्यावर रात्री उशिरा हिशेब करून घरी परतणारा पेट्रोलपंपाचा मालक, संगमनेर-श्रीरामपूरकडचा सराफ, अशी मंडळी तो विचारतात. विचारताना बहुधा आवाज खाली जातो. मग शेजारचा कोणी छातीठोकपणे सांगतो, "पिस्तूलच घ्या, चपटं असतं, कमरेला दिसत नाही." दुसरा म्हणतो, "छे, रिव्हॉल्व्हरसारखं भरवशाचं काही नाही." दोघांच्याही म्हणण्यात थोडे थोडे खरे आहे. पण पैसे मोजण्यापूर्वी, आणि विशेषतः घरात लहान मुले असताना, थोडक्या खऱ्यावर भागत नाही. म्हणून आज या प्रश्नाचा आपण जरा शांतपणे विचार करू.

आधी नावांचा घोटाळा दूर करू. आपल्या बोलण्यात हातात मावणारे कोणतेही शस्त्र म्हणजे 'पिस्तूल'. पण ही दोन यंत्रे मुळातच वेगळी आहेत. रिव्हॉल्व्हर म्हणजे फिरणारे. सॅम्युएल कोल्टने १८३६ साली अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले. आपल्याकडचा रहाट आठवा. एक गाडगे रिकामे झाले की दुसरे भरलेले वर येते. रिव्हॉल्व्हरच्या चक्रात बहुधा सहा घरे असतात आणि प्रत्येक घरात एक काडतूस. चाप ओढला की चक्र एक घर पुढे सरकते, घोडा मागे जाऊन आपटतो आणि गोळी सुटते. हे सारे काम तुमच्या बोटाच्या जोरावर चालते.

अर्धस्वयंचलित पिस्तुलाची तऱ्हा निराळी. त्याची काडतुसे मुठीतल्या मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेली असतात आणि खालून स्प्रिंग त्यांना वर रेटत असते. गोळी सुटताना जो धक्का बसतो त्यानेच वरचा सरकता भाग मागे जातो, रिकामे टरफल बाहेर फेकतो आणि पुढे येताना नवे काडतूस नळीच्या तोंडाशी बसवतो. पहिल्या काडतुसाची शक्तीच दुसऱ्याची चाकरी करते म्हणा ना! मात्र एका वेळी चाप ओढला की एकच गोळी सुटते. म्हणून ते 'अर्ध'स्वयंचलित, मशीनगन नव्हे.

हे पिस्तूल महाराष्ट्राला नवे नाही. शेजारच्या नाशकात २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुले पाठवली होती, त्यांतलेच ते एक. पेटीच्या चोरकप्प्यातून ती आली. जाड चक्राची वीस रिव्हॉल्व्हरे अशी लपवणे कितीतरी अवघड गेले असते. पिस्तुलाचा चपटेपणा हा गुण तेव्हापासून सिद्ध आहे. पण क्रांतिकारकाची गरज आणि आपल्या आडतदाराची गरज एक नव्हे. एकाला शस्त्र पोलिसांपासून लपवायचे होते. दुसऱ्याला ते पोलिसांच्या माहितीनेच बाळगायचे आहे.

आता कायद्याने काय घेता येते ते पाहू. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांवर आज हा कारभार चालतो. आपल्या जिल्ह्यात अर्ज करायचा तो जिल्हादंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे. त्यावर पोलिसांचा अहवाल जातो. शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखलाही २०१६ च्या नियमांनी मागितला आहे. ९ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळत नाही. ते 'प्रतिबंधित' वर्गात मोडते. म्हणून सामान्य परवानाधारकाच्या हाती येते ते बहुतेक ०.३२ बोअरचेच. सरकारी कारखान्यांतून रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल दोन्ही या बोअरमध्ये निघाली आहेत. कानपूरचे ०.३२ चे रिव्हॉल्व्हर अनेकांच्या परिचयाचे आहे. २०१४ साली खास स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' हे सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर आले. तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती.

इथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवा. रिव्हॉल्व्हरचे ०.३२ आणि पिस्तुलाचे ०.३२ ही दोन वेगळी काडतुसे आहेत. रिव्हॉल्व्हरचे लांब असते आणि त्याच्या बुडाला पुढे आलेली कड असते. पिस्तुलाचे आखूड असते. आकडा एक म्हणून एकाची काडतुसे दुसऱ्यात चालवू नयेत.

आता गुणदोष. रिव्हॉल्व्हरचा पहिला गुण म्हणजे साधेपणा. एखादे काडतूस फुटले नाही तर पुन्हा चाप ओढायचा. चक्र फिरते आणि पुढचे काडतूस समोर येते. पिस्तुलात काडतूस फुसके निघाले किंवा टरफल अडकले, तर दुसऱ्या हाताने वरचा भाग मागे खेचून ते काढावे लागते. मूठ ढिली धरली तरी पिस्तूल अडकू शकते, कारण धक्क्याला टेकण्यासाठी मनगट घट्ट हवे. सराव असलेल्या माणसाला हे क्षणाचे काम. पण वर्षातून एकदा, दसऱ्याला, पूजेपुरते शस्त्र बाहेर काढणाऱ्याला ऐन वेळी हे सुचेल का? हात थरथरत असताना, अंधारात, समोर दोघे जण उभे असताना? प्रामाणिकपणे उत्तर द्या.

रिव्हॉल्व्हरचा दुसरा गुण मला अधिक मोलाचा वाटतो. ते भरलेले आहे की रिकामे, हे उघडून एका नजरेत कळते. सहा घरे दिसतात. रिकामी तर रिकामी. पिस्तुलात इथेच धोका लपलेला आहे. मॅगझिन काढून घेतले की पिस्तूल रिकामे झाले, असा नवख्याचा समज होतो. पण नळीच्या मागे एक काडतूस बसलेले असू शकते, आणि मॅगझिन हातात असतानाही पुष्कळ पिस्तुलांतून ते सुटते. म्हणून आधी मॅगझिन काढायचे, मग वरचा भाग मागे खेचून आत डोळ्यांनी पाहायचे. हा क्रम उलटा झाला, तर मॅगझिनमधले नवे काडतूस पुन्हा नळीत जाऊन बसते. हा क्रम ज्याच्या हातात मुरलेला नाही, त्याने पिस्तुलाच्या वाटेस जाऊ नये.

पिस्तुलाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. ते चपटे असल्याने अंगाला बसते. त्यात काडतुसे एक-दोन अधिक मावतात आणि नवे मॅगझिन भरायला वेळ लागत नाही. चापाचा ओढा पुष्कळदा हलका असतो, त्यामुळे नेम साधायला सोपे. रिव्हॉल्व्हरचा लांब आणि जड ओढा नवख्याचा नेम हलवतो. मात्र तोच जड ओढा चुकून बोट लागण्यापासून थोडे वाचवतोही. एकाचा दोष तो दुसऱ्या प्रसंगी गुण, असा हा प्रकार आहे.

पण 'रिव्हॉल्व्हर म्हणजे सुरक्षित' असे सूत्र करून घरी जाऊ नका. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्याच पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी लागली. ठेवताना ते हातातून निसटले होते. दरोडेखोर नाही, झटापट नाही. घर स्वतःचे, शस्त्र स्वतःचे आणि पायही स्वतःचा! जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखालचे घर रिकामे ठेवण्याची चाल जाणत्या लोकांनी पाडली, ती याच भीतीने. तेव्हा शस्त्र कोणतेही असो, ते भरलेलेच आहे असे समजून हाताळायचे, नळी माणसाकडे करायची नाही आणि नेम धरेपर्यंत बोट चापावर न्यायचे नाही. हे तीन नियम पाळणाऱ्याला दोन्ही यंत्रे बऱ्यापैकी निमूट असतात.

बाळगण्याविषयीही नियम आहेत. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात हवे. लग्नाच्या वरातीत मूठ दिसेल असे खोचून मिरवणे याला बाळगणे म्हणत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबारालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. निवडणुका आल्या की शस्त्र पोलिसांकडे जमा करण्याचा हुकूम येऊ शकतो. म्हणजे ज्याच्या भरवशावर तुम्ही झोपता, ते काही आठवडे घरात नसणार, याचीही तयारी हवी.

आणि हे दोन्ही परवडत नाही म्हणून कोणी 'गावठी कट्टा' सुचवील, त्याला दारातूनच परत पाठवा. विनापरवाना शस्त्र बाळगल्यास २०१९ पासून किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद आहे. शिवाय कुठल्या तरी भट्टीत घडवलेली नळी समोरच्यावर फुटेल की धरणाऱ्याच्या हातात, याची हमी कोणी द्यावी?

आता मुळाशी जाऊ. शस्त्र कशासाठी हवे? बिबट्यासाठी हवे असेल, तर अकोले-संगमनेरच्या उसात राहणाऱ्यांची भीती खरी आहे. पण ०.३२ ची गोळी हे बिबट्यावरचे औषध नव्हे. जखमी बिबट्या अधिक घातक, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो संरक्षित आहे. तिथे दिवा, काठी, सोबत आणि वन विभागाचा पिंजरा हेच कामाचे.

चोरासाठी हवे असेल, तर भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे कोणाकडून तरी समजावून घ्या. स्वसंरक्षणाचा हक्क आपल्याला आहे, पण जरुरीपुरताच. पोलिसांना बोलावण्याइतकी सवड असेल तर तो हक्क मिळत नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत घातलेली गोळी तुम्हालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करील. आणि रोकड हेच भीतीचे कारण असेल, तर आधी रोकडच कमी करता येते का ते पाहा. व्यवहार बँकेतून करावा, परतीची वेळ आणि वाट रोज एकच ठेवू नये, सोबत माणूस असावा. या उपायांना परवाना लागत नाही.

घरातला पेच मात्र यांपैकी कशानेही सुटत नाही. शस्त्र कुलपात आणि काडतुसे वेगळी ठेवली, तर ऐन वेळी हाताशी येणार नाहीत. भरून उशाशी ठेवले, तर ते प्रथम पोराच्या हाती लागण्याची भीती. घरात कोणी कर्जाने, आजाराने किंवा दुःखाने मनातून खचलेले असेल, तर त्याच्या एका वाईट घटकेला ते शस्त्र फार जवळ असते. अशा घरात दोन्हींपैकी काहीच आणू नये. भीक नको पण कुत्रा आवर, असे म्हणायची पाळी येण्यापेक्षा भय परवडले.

एवढे सगळे तोलूनही ज्याची गरज उरते, त्याने असा निर्णय करावा. महिन्याकाठी रेंजवर जाऊन नियमाने सराव करण्याची ज्याची खरोखर तयारी आहे, त्याने पिस्तूल घेतले तरी चालेल. ज्याला तेवढी सवड नाही, त्याने रिव्हॉल्व्हर घ्यावे. आणि आपल्यापैकी शंभरात नव्वद जण याच वर्गातले. तेही परवान्याच्या शस्त्रविक्रेत्याकडे जाऊन, रिकामे करून, हातात धरून, चाप आपल्या बोटाला झेपतो की नाही हे पाहूनच घ्यावे. बायकोने वापरायचे असेल तर तिच्याच हातात देऊन पाहावे. पुष्कळ ठिकाणी घेणारा एक आणि संकटात सापडणारी दुसरीच, असे घडते.

आणि दुकानात शिरण्यापूर्वी घरी सर्वांना बसवून एकदा विचारा : हे कुठे ठेवायचे, किल्ली कोणाजवळ राहायची, आणि कोणाच्या हाती ते कधीच जाता कामा नये? या तीन प्रश्नांवर घरात एकमत झाले नाही, तर अर्ज तूर्त टेबलाच्या खणातच राहू द्या.