मृगातला आहूखाना

भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलं, की रावेरच्या केळीबागा मागे पडतात आणि बऱ्हाणपूर येतं. आज ते मध्य प्रदेशात आहे. पण फारुकी सुलतानांच्या काळात आपल्या खानदेशची राजधानी तेच होतं. शहरासमोर, तापीपलीकडे जैनाबादेत, मोगलांची एक जुनी बाग आहे. तिचं नाव आहूखाना. फारसीत आहू म्हणजे हरीण. शाही कुटुंबाच्या शिकारीची आणि विसाव्याची ही जागा.

या बागेत मी सगळ्या ऋतूंत गेलो आहे. वैशाखात पडक्या भिंतींच्या विटा हाताला चटका देतात. श्रावणात त्याच विटांच्या फटींतून गवत डोकावतं. पौषात नदीकडून येणारा वारा अंगाला झोंबतो. पाहुणे बहुधा थंडीतच येतात. मला विचाराल, तर मृग लागल्यावर जावं. हरणांची बाग आणि हरणाचंच नक्षत्र!

आणखी एक कारण आहे. १७ जून १६३१ रोजी मुमताज महल बऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात वारली. आजच्या पंचांगात हे मृगाचेच दिवस. तिचं पहिलं दफन या बागेत झालं. सहा महिन्यांनी, डिसेंबरात, तिचं शव आग्र्याला नेलं. पुढे तिथे ताजमहाल उभा राहिला. जग तिकडे जातं. ही बाग मात्र आपल्या खानदेशातल्या माणसांनाही फारशी ठाऊक नसते.

बादशहाच्या या दुःखाशेजारी आणखी एक दुःख होतं. १६३० साली पाऊस पडला नाही. गुजरात आणि दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. 'बादशाहनामा' सांगतो, की शाहजहाननं बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत इथे लंगर उघडले. बऱ्हाणपुरात वीस आठवडे दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांत वाटले. तरीही माणसं मेलीच.

मोगल बाग म्हणजे मुळात पाण्याची रचना. पाट, हौद, कारंजी, त्यांच्या कडेनं झाडं आणि फुलं. वेशीबाहेर घोटभर पाण्यासाठी जीव जात असताना अशी बाग कशी दिसत असेल? विहिरी आटताना पाहिलेल्या आपल्या लोकांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

मुमताजची कबर आग्र्यात आहे. त्या वर्षी भुकेनं गेलेल्यांच्या कबरी कुणी बांधल्या नाहीत. मृगाचा पहिला पाऊस या भिंतींवर पडतो, मातीचा वास येतो, तेव्हा मी हात उचलून फातिहा पढतो. तिच्यासाठी, आणि त्या सगळ्यांसाठी.