चाकाचं बेअरिंग: हातोडी नेमकी कुठे मारायची?

आजचा भाग ग्रीसने माखलेला आहे. माझी डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची. पुण्यात असे इंजिनिअर पैशाला पासरी मिळतात. पण घरी बाबांची १९९४ची यामाहा आरएक्स १०० आहे, ते ती अजून रोज चालवतात, त्यामुळे माझ्या हातातले पाने काही सुटलेले नाहीत. गेल्या महिन्यात तिच्या पुढच्या चाकाची बेअरिंग बदलली. आज त्याबद्दल बोलू.

आधी हे सांगतो, की जुन्या गाडीत या कामाला एवढं महत्त्व का. बेअरिंग काहीशे रुपयांत मिळतं. ते ज्याच्यात बसतं तो हब मात्र तितक्या सहज मिळत नाही. खराब बेअरिंग तसंच चालवत राहिलं, तर ते जाम व्हायला लागतं आणि त्याची बाहेरची रिंग हबच्या आतच फिरायला लागते. रिंग पोलादाची, हब अ‍ॅल्युमिनियमचा. कोण झिजणार हे वेगळं सांगायला नको. आणि चाक डगमगायला लागलं तर प्रश्न पैशाचा राहतच नाही, माणसाचा होतो.

मग बेअरिंग गेलंय हे ओळखायचं कसं? गाडी मधल्या स्टँडवर घ्या, इंजिनखाली लाकडी ठोकळा लावून पुढचं चाक उचला. टायर वर आणि खाली दोन्ही हातांनी धरून आडवा हलवून बघा. टकटक जाणवली तर बेअरिंगमध्ये प्ले आहे. पुढे-मागे हलवल्यावर जाणवणारा प्ले बहुतेक वेळा हँडलच्या कोन सेटचा असतो. या दोघांत गल्लत करू नका. मग चाक फिरवा आणि दुसरा हात शॉकअपवर ठेवा. घरघर कानाला ऐकू येण्याआधी हाताला कळते. शेवटची खात्री चाक काढल्यावर: बेअरिंगची आतली रिंग बोटाने फिरवा. वाळू भरल्यासारखी अडखळत असेल, तर विषय संपला.

नवं घेताना दुकानात फक्त गाडीचं नाव सांगू नका. जुन्या बेअरिंगवरचा नंबर वाचा. समजा ६३०१ लिहिलंय. पहिला ६ म्हणजे साधं, खोल खाचेचं बॉल बेअरिंग. ३ म्हणजे मध्यम सीरिज. शेवटचे ०१ म्हणजे आतलं भोक १२ मिलिमीटर. ०० म्हणजे १०, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे सरळ पाचने गुणायचं. ६३०१ हे १२ बाय ३७ बाय १२. ६२०१ हे १२ बाय ३२ बाय १०. एक्सल दोन्हींत जाईल, पण हबात एकच बसेल. नंबरापुढे २आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील, झेडझेड असेल तर पत्र्याचं झाकण. आपल्याकडचा पावसाळा बघता चाकाला मी रबरी सीलवालंच घेतो. बनावट माल बाजारात आहे, म्हणून दुकान ओळखीचं बघा. एसकेएफचं तर पाकीट तपासायला त्यांचं अ‍ॅपच आहे.

आता मुख्य मुद्दा. या सगळ्या कामात एकच प्रश्न सतत विचारायचा: मी देतोय तो जोर कुठून कुठे जातोय?

काढताना बघा. हबात दोन बाजूंना दोन बेअरिंग आणि मधे एक नळी असते, तिला डिस्टन्स पीस म्हणतात. आधी ऑइल सील काढायचं. काही गाड्यांत सर्क्लिप असते, ती न काढता ठोकत बसलात तर हब फुटेल. मग एका बाजूने लांब पंच आत घालून डिस्टन्स पीस थोडा बाजूला सरकवायचा, म्हणजे पलीकडच्या बेअरिंगच्या आतल्या रिंगची कड दिसते. तिच्यावर घड्याळाच्या आकड्यांसारखं गोल फिरत हलके ठोके द्यायचे. एकाच जागी मारलं तर बेअरिंग तिरकं होऊन हबला ओरखडतं. इथे जोर आतल्या रिंगवर, आणि गोळ्यांमधून बाहेरच्या रिंगवर जातो. गोळ्या खाचेत ठसे पाडतात. दुसरा मार्ग नसतो म्हणून आपण हे करतो, पण म्हणूनच काढलेलं बेअरिंग कितीही चांगलं दिसलं तरी परत बसवायचं नाही.

बसवताना बरोबर उलटं. हबमध्ये घट्ट बसते ती बाहेरची रिंग, म्हणून जोर फक्त बाहेरच्या रिंगवर. तिच्यापेक्षा जेमतेम लहान गोटी पाना घ्या, नाहीतर जुनं बेअरिंगच मधे ठेवून ठोका. फक्त त्याची बाहेरून थोडी ग्राइंडिंग करून घ्या, नाहीतर तेच आत अडकून बसेल.

ठोकाठोकी कमी करायची तर फिजिक्स वापरा. नवं बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, पिशवीत घालून, आणि घरच्यांना सांगून. हब हॉट एअर गनने शंभर अंशांच्या आसपास तापवा. ३७ मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या भोकाचा व्यास ७० अंश वाढल्यावर साधारण ०.०६ मिलिमीटरने वाढतो. बेअरिंग फ्रीझरमध्ये साधारण ०.०२ने आक्रसतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण इथली घट्ट बसणी याच मापात असते. बेअरिंग दोन-चार हलक्या ठोक्यांत खाली जातं.

पहिलं बेअरिंग हबच्या खांद्याला पूर्ण टेकेपर्यंत बसवा. मग डिस्टन्स पीस आत टाका. हो, तो टाका! तो विसरला तर एक्सलचा नट आवळल्यावर दोन्ही आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात आणि नवं बेअरिंग जन्मतःच जाम होतं. नंतर दुसरं बेअरिंग, आतली रिंग डिस्टन्स पीसला टेकेपर्यंतच. त्यापुढे हातोडी चालवली तरी तोच आडवा ताण येतो. कुठली बाजू आधी, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं.

बाबांच्या गाडीत मला जुन्या बेअरिंगखाली पंचाने मारलेले टोचे दिसले. पूर्वी कुठल्यातरी गॅरेजमध्ये बसणी सैल लागली असणार, म्हणून हबला टोचे मारून भोक लहान केलेलं. असं बेअरिंग चार-सहा टोकांवर टेकतं, टोकं दबतात आणि परत सैल होतं. बसणी अगदी थोडी सैल असेल तर बेअरिंगसाठी मिळणारं रिटेनिंग कंपाउंड चालतं. त्याहून जास्त असेल तर लेथवाल्याकडे हब नेऊन भोक मोठं करून बुश मारून घ्यायचं आणि आतून मापात काढायचं. मी तेच केलं. दोन दिवस गाडी उभी राहिली, पण हब वाचला.

चाक परत लावताना ब्रेक प्लेटमधल्या मीटरच्या गिअरची खाच हबशी जुळवा. ती न जुळवता नट आवळला तर गिअर तुटतो. ब्रेक लायनरला ग्रीस लागू देऊ नका. कॉटर पिन नवी घाला. नट आवळून झाल्यावर चाक पुन्हा फिरवा: आवळण्याआधी मोकळं आणि नंतर जड होत असेल, तर बेअरिंग किंवा डिस्टन्स पीस नीट टेकलेला नाही. उघडा, आणि पुन्हा बघा.

मागच्या चाकात बऱ्याच गाड्यांना चेनच्या स्प्रॉकेटकडे तिसरं बेअरिंग असतं. ते लोक हमखास विसरतात. आणि गाडी धुताना प्रेशरचा पाइप थेट हबवर धरू नका. सील पाऊस अडवायला आहे, तो मारा अडवायला नाही.

काम झाल्यावर दहा-पंधरा किलोमीटर जा, ब्रेक बेताने वापरत. थांबल्यावर हबला हात लावा. कोमट लागला तर ठीक. चटका बसला तर घरी ढकलत न्या, चालवत नको.