संदर्भसूचीत आपली नावं

(संशोधन आणि अहवाल-लेखन करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



आज बोलायचं आहे ते संदर्भांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल. विषय रूक्ष वाटेल. पण कुणाचं काम कुणाच्या नावावर जमा होतं, हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली छापलं गेलं आणि पुढे जवळजवळ विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं, तेव्हा ते आपल्या हाती आलं. ज्याची नोंद राहत नाही, ते घडलंच नाही असं मानलं जातं.

आपल्यातल्या काहीजणी पीएच.डी. करताहेत, काहीजणी संघटनेसाठी अहवाल लिहितात. अडचण सगळ्यांची एकच. वहीत उतारा आहे, पण पान क्रमांक नाही. झेरॉक्स आहे, पण कुठल्या अंकातली ते लिहिलेलं नाही. मग लेखन संपत आल्यावर कित्येक दिवस सूची जुळवण्यात जातात. घर आणि नोकरी सांभाळून रात्री लिहिणाऱ्या बाईला हे दिवस परवडत नाहीत.

यासाठी झोटेरो उपयोगी आहे. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास केंद्रात ते तयार झालं आणि २००६ साली सर्वांसाठी खुलं झालं. ते फुकट आहे, त्यामुळे विद्यापीठातून बाहेर पडल्यावरही आपल्याकडे राहतं. ग्रंथालयात पूर्वी पुस्तकांची कार्डं असत, तसंच इथे प्रत्येक पुस्तकाचं, लेखाचं एक कार्ड असतं. त्याला टिपणं आणि पीडीएफ जोडता येतात. वर्ड किंवा लिबरऑफिसमध्ये लिहिताना कार्ड निवडलं की संदर्भ जागेवर बसतो आणि शेवटी सूची तयार होते. नियतकालिक बदललं, त्यांची पद्धत वेगळी असली, तर पद्धत बदलून निवडायची; सगळी सूची नव्याने मांडली जाते.

इथपर्यंत सोय झाली. आता यातलं राजकारण पाहू. पुस्तकाचा आयएसबीएन किंवा लेखाचा डीओआय क्रमांक दिला की कार्ड बहुधा आपोआप भरतं. हे क्रमांक असतात मोठ्या प्रकाशकांच्या पुस्तकांना आणि इंग्रजी नियतकालिकांना. आपली पुस्तिका, परिषदेचा अहवाल, जुन्या मराठी अंकातला लेख यांना बहुतेकदा काहीच नसतं. ते हाताने भरावं लागतं. कंटाळा केला, तर जे आधीच दिसतं तेच सूचीत येणार आणि आपण आपल्याच हाताने आपलं लेखन वगळणार.

भरताना काही गोष्टी सांभाळा. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ १९८९ चं आहे. वंदना सोनाळकर यांचा इंग्रजी अनुवाद २००८ चा. फक्त अनुवादाचं कार्ड घेतलंत, तर आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांवरचं हे काम २००८ साली झालं असं वाचणाऱ्याला वाटेल. ‘एक्स्ट्रा’ या रकान्यात मूळ वर्ष नोंदवता येतं. काही पद्धतींत ते छापूनही येतं. अनुवादिकेचं नावही ‘ट्रान्सलेटर’ म्हणून भरा.

तेलंगणाच्या लढ्यातल्या स्त्रियांच्या कहाण्यांचं ‘वुई वर मेकिंग हिस्टरी’ (१९८९) हे पुस्तक स्त्री शक्ती संघटना या गटाच्या नावावर आहे. नाव-आडनावाच्या दोन रकान्यांत ते भरलंत, तर सूचीत छापलं जाईल ‘संघटना, स्त्री शक्ती’. शेजारच्या छोट्या बटणाने दोन रकान्यांचा एक करता येतो. सामूहिक लेखनाला सामूहिक नाव राहू द्या.

एपीए पद्धतीत पहिल्या नावाचं फक्त आद्याक्षर उरतं. गेल ऑम्वेट ‘ऑम्वेट, जी.’ होतात आणि लिहिणारी बाई होती हे कळत नाही. कार्डात पूर्ण नाव भरा आणि निवड आपल्या हाती असेल तिथे पूर्ण नाव छापणारी पद्धत घ्या.

एक सावधगिरी मात्र हवीच. ज्या बायकांनी विश्वासाने आपल्या घरातला छळ सांगितला, त्यांची खरी नावं आणि मुलाखती या कार्डांना जोडू नका. झोटेरोतली माहिती इंटरनेटवरून दुसऱ्या संगणकावर नेता येते, गटात सगळ्यांना दिसू शकते. श्रेय देणं जितकं महत्त्वाचं, तितकंच काहींची नावं झाकून ठेवणं.

शेवटी एक सुचवते. झोटेरोत गटाचं सामाईक ग्रंथालय करता येतं. जोडलेल्या फायलींना ३०० एमबीपर्यंतच जागा फुकट मिळते, पण नुसत्या कार्डांना ती लागत नाही. प्रत्येक गटाने आपल्या कपाटातले जुने अंक आणि पुस्तिका काढाव्यात आणि लेखिका, वर्ष, अंक, पान अशी नोंद करायला लागावं. दोघी मिळून बसलात, एकीने वाचलं आणि दुसरीने टाईप केलं, तर काम भराभर होतं. पुढच्या बैठकीत कुणी किती कार्डं भरली ते एकमेकींना सांगू या.