मोठा कारखाना आणि त्याच्या सावलीतील लघुउद्योग



राष्ट्राच्या अर्थव्यवस्थेत लहान उद्योगाला मान द्यावा की मोठ्याला, आणि परकीय भांडवलाला दार उघडावे की लावून घ्यावे, हा वाद स्वातंत्र्यापासून चालत आला आहे. दोन्ही बाजूंनी तात्त्विक विवेचन पुष्कळ झाले. परंतु चाकण वा पिंपरीच्या एखाद्या मोटार कारखान्याच्या मालफाटकापाशी तासभर उभे राहिले, तर हा प्रश्न निराळाच दिसू लागतो. टेम्पोमागून टेम्पो आत जात असतात आणि त्यांत ओतीव भाग, स्प्रिंगा, रबरी नळ्या, वायरिंगचे जुडगे भरलेले असतात. मोटार बाहेर पडते ती एका कंपनीच्या नावाने. तिच्या अंगी मात्र शेकडो कारखान्यांचे काम असते. त्यांतले काही परदेशी मालकीचे, काही मोठे भारतीय, आणि बरेचसे दहा-वीस कामगारांचे.

शासकीय धोरणाने या तिघांना दीर्घकाळ वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले. १९६७ साली ४७ वस्तूंचे उत्पादन लघुउद्योगांसाठी राखून ठेवण्यात आले. डिसेंबर १९७७ च्या औद्योगिक धोरणाने, जे लहान प्रमाणावर निर्माण होऊ शकते ते लहान प्रमाणावरच निर्माण झाले पाहिजे, अशी भूमिका घेतली आणि राखीव वस्तूंची संख्या लवकरच ८०० च्या वर गेली. जिल्हा उद्योग केंद्रे हीसुद्धा त्याच धोरणाची निष्पत्ती होय. १९७८ पासून ती सुरू झाली आणि नवउद्योजकाचे राजधानीचे हेलपाटे पुष्कळ अंशी वाचले. ही त्या धोरणाची टिकाऊ देणगी म्हटली पाहिजे. राखीव यादीबद्दल तसे म्हणवत नाही. तिने संरक्षण दिले ते लहान राहण्याला, वाढण्याला नव्हे. कारखाना नीट चालू लागला की मर्यादा ओलांडू नये म्हणून भावाच्या किंवा पत्नीच्या नावाने शेजारचा गाळा घ्यायचा, ही युक्ती औद्योगिक वसाहतींत सर्वश्रुत होती. यादीतील शेवटच्या २० वस्तू २०१५ साली मुक्त झाल्या.

लघुउद्योग वाढला तो यादीपेक्षा शेजारामुळे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्याच दशकात पिंपरी, चिंचवड, आकुर्डी या पट्ट्यात टेल्को, बजाज यांच्यासारखे मोठे कारखाने उभे राहिले. त्यांना लागणारा प्रत्येक सुटा भाग स्वतः तयार करणे परवडणारे नव्हते. भोसरीच्या गाळ्यांतील लेथवाल्याला त्यांनी आराखडा दिला, मापे दिली, चुकलेला माल परत पाठवला. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब ठेवण्याची शिस्त या परत आलेल्या मालानेच लावली. कोल्हापूरकडे याची सुरुवात आणखी आधीची. उसाचे चरक आणि तेलाची इंजिने यांच्या ओतकामावर तेथील कारागिरांचा हात बसला होता. पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या ओतशाळांतून मोटारींचे ओतीव भाग जाऊ लागले.

परकीय कंपन्यांच्या बाबतीतही धोरणाचा लंबक दोन्ही टोकांना गेला. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने बहुतेक परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणणे भाग पडले. कोका-कोला आणि आयबीएम यांनी त्यापेक्षा देश सोडणे पत्करले. १९९१ नंतर अनेक प्राधान्य उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंत परकीय भांडवलाला सहज अनुमती मिळू लागली. मात्र टक्केवारीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा, की परदेशी कंपनी या भूमीत काय रुजवते. बजाजने इटलीच्या पियाजिओच्या सहकार्याने स्कूटर बनवली. तो करार १९७१ साली संपला, पण शिकलेले काम संपले नाही आणि पुढच्याच वर्षी ‘चेतक’ आली. मारुतीचे उदाहरण हरियाणाचे असले तरी बोधप्रद आहे. १९८१ साली स्थापन झालेल्या या सरकारी कंपनीत जपानच्या सुझुकीने आरंभी २६ टक्के भांडवल घातले. परदेशी सुट्या भागांचे प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे बंधन कंपनीवर होते. त्यामुळे देशी पुरवठादार शोधणे, नसल्यास घडवणे, हे कंपनीचेच काम झाले.

परकीय भांडवलाचा दुसरा गुणधर्म मात्र विसरता येत नाही: ते निघूनही जाते. तळेगावच्या औद्योगिक क्षेत्रात जनरल मोटर्सचा कारखाना २००८ साली सुरू झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये तेथील उत्पादन थांबले. जानेवारी २०२४ मध्ये तो कोरियाच्या ह्युंदाईकडे आला. मधली तीन वर्षे मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात एखादी ओळ व्यापतात. अशा ग्राहकासाठी खास साचे आणि जिग करून घेतलेल्या लहान कारखानदाराला ते दुसऱ्या मोटारीसाठी वापरता येत नाहीत. बँकेचा हप्ता तर थांबत नाही.

आता या नात्यातील सर्वांत नाजूक गोष्टीकडे वळावयाचे. मोठा उद्योग लहानाला पोसतो, असा समज आहे. व्यवहारात पुष्कळदा लहानच मोठ्याला कर्ज देत असतो, तेही बिनव्याजी. ओतशाळेचा मालक लोखंड रोखीने घेतो, मजुरी महिन्याला देतो, विजेचे देयक चुकले तर जोडणी तुटते; पण त्याच्या मालाचे पैसे ९० दिवसांनी येतात. समजा, त्याची महिन्याची विक्री १० लाखांची आहे. तर ३० लाख रुपये कायम दुसऱ्याकडे अडकून पडले. बँकेचा दर १२ टक्के धरला तर वर्षाला ३ लाख ६० हजारांचे व्याज झाले. कित्येक गाळ्यांत एवढा निव्वळ नफासुद्धा राहत नाही. पैसे ४५ दिवसांत आले, तर हाच भार निम्मा होतो.

यासाठी १९९३ साली एक कायदा झाला. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्याने त्याची जागा घेतली. सूक्ष्म व लघुउद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावेत, ती मुदत ४५ दिवसांहून अधिक नसावी आणि लेखी करार नसल्यास १५ दिवसांत द्यावेत, असा नियम आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. दाद सुलभीकरण परिषदेकडे मागता येते आणि तिच्या निवाड्याविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्या खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. कायदा एवढा कडक असूनही त्याचा आधार थोडेच घेतात, कारण ज्याच्यावर तक्रार करावयाची तोच उद्याचा ग्राहक असतो. म्हणून वित्त अधिनियम २०२३ ने दुसरी कळ दाबली. मुदतीत न दिलेली रक्कम, ती प्रत्यक्ष देईपर्यंत, खरेदीदाराला प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येणार नाही, अशी तरतूद १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली. येथे पुरवठादाराला तोंड उघडावे लागत नाही, हे तिचे वैशिष्ट्य.

या कायद्याची एक बाजू मात्र क्वचितच बोलली जाते. त्यातील ‘खरेदीदार’ या शब्दाच्या व्याख्येत केवळ कंपन्या येत नाहीत. मोबदला देऊन माल वा सेवा घेणारा प्रत्येक जण त्यात येतो. शासकीय कार्यालय, जिल्हा परिषद वा ग्रामपंचायत यांना वगळलेले नाही. शाळेसाठी बाके तालुक्यातील एखाद्या लहान कारखान्याने केली, तर त्याचे देयक ‘अनुदान येईल तेव्हा’ या शेऱ्याखाली वर्षभर पडून राहणे कायद्याला मान्य नाही. मोठ्या आणि परदेशी कंपन्यांना उपदेश करणारी कार्यालये या बाबतीत फार पुढे आहेत, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

दोन गोष्टी गावपातळीवर करण्याजोग्या आहेत. माल बनवणाऱ्या उद्योजकाची ‘उद्यम’ नोंदणी आधीच झालेली असावी; नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला या मुदतीचे संरक्षण नाही. दुसरी गोष्ट तारखेची. मालाबद्दल काही हरकत असल्यास ती १५ दिवसांच्या आत लेखी कळवावी लागते. न कळवल्यास माल पोचला तोच दिवस स्वीकृतीचा धरला जातो आणि मुदत तेथून मोजली जाते. यास्तव चलनावर पोच देताना ग्रामसेवकाने वा मुख्याध्यापकाने सहीखाली तारीख घालावी, आणि ती नसेल तर उद्योजकाने मागून घ्यावी.