प्रबंध कपाटात राहू नये



 करवीरनगरीत, म्हणजे आपल्या कोल्हापुरात, १८८० मध्ये राजाराम कॉलेज सुरू झाले. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि डॉ. आप्पासाहेब पवार त्याचे पहिले कुलगुरू झाले. या दोन्हींच्या मधल्या काळात, १९०१ पासून, राजर्षी शाहू महाराजांनी वसतिगृहे उभी केली. नुसत्या फीमाफीने भागत नाही, खेड्यातल्या पोराला शहरात टेकायला जागा लागते, हे त्यांनी ओळखले होते. आजही राधानगरीच्या पलीकडच्या वाडीतली मुलगी एम.एस्सी.ला येते. प्रात्यक्षिक रंगात येते आणि तिची नजर शेवटच्या एसटीसाठी घड्याळाकडे जाते. ब्युरेट अर्धी भरलेली टाकून ती निघते. वेळापत्रक लावताना ही मुलगी डोळ्यांसमोर असायला हवी.

महाविद्यालयातले पदव्युत्तर शिक्षण सुधारायचे म्हटले की आपण आधी अभ्यासक्रमाला हात घालतो. तो बदललाच आहे. नव्या धोरणानुसार संशोधनपद्धती आली, प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्प आला, दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प आला. माझी कळकळ या प्रकल्पाविषयी आहे. काळे रेक्झिनचे बाइंडिंग, त्यावर सोनेरी अक्षरे, दहा मिनिटांची तोंडी परीक्षा आणि मग विभागाचे कपाट, हाच बहुतेक प्रबंधांचा प्रवास असतो. याचा दोष मी विद्यार्थ्यांना देणार नाही. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला मानधन मिळते ते वर्गातल्या तासाचे. विद्यार्थ्याच्या शेजारी बसून त्याची आकडेवारी तपासण्यात गेलेली दुपार हिशेबात कुठेच येत नाही. ती कार्यभारात धरली जावी आणि एका मार्गदर्शकाकडे झेपतील तेवढेच विद्यार्थी असावेत, असा ठराव या परिषदेने करावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

विषयांसाठी लांब जायला नको. शिरोळ तालुक्यात जमिनी क्षारपड झाल्या आहेत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी कुणाचे किती गेले, हे गावोगावच्या माणसांना तोंडपाठ आहे. शिरोलीच्या फाउंड्रीतून वापरलेली वाळू बाहेर पडते, गुऱ्हाळघरांचे गणित दर हंगामाला बदलते. अशा प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेला परीक्षकांबरोबर त्या गावचा शेतकरी किंवा त्या कारखान्याचा फोरमन का बसू नये? त्याचा एक प्रश्न विद्यार्थ्याला पुन्हा शिवारात नेईल.

जेवणाची सोय तळमजल्यावर आहे. तिकडे जाताना सभागृहाबाहेरच्या टेबलांवर आमच्या विद्यार्थ्यांचे यंदाचे प्रकल्प मांडले आहेत. कृपया एखादा तरी उघडा, शेवटचे प्रकरण वाचा आणि शंका असेल तर विचारा. ज्यांनी ते लिहिले ती मुले टेबलाशीच उभी आहेत.